चिल्ड्रन ऑफ पॅराडाइज: कोणी डोक्यावर घेतला, कोणी झोडपला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नक्की कुठला पिक्चर? आणि नाव कसं म्हणायचं?

फ्रेंच नाव ‘लेझाँफाँ द्यु पारादी’, इंग्लिशमधे चिल्ड्रन ऑफ पॅराडाइज. 1945 चा, ब्लॅक अँड व्हाइट, डायरेक्टर मार्सेल कार्ने, लिहिलाय कवी जाक प्रेव्हेर यांनी. नावातलं पॅराडाइज म्हणजे देवाचा स्वर्ग नाही हं, जुन्या फ्रेंच थिएटरात सगळ्यात वरचा जो माळा असायचा, जिथं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून गरीब पब्लिक कोंबून बसायचं आणि आवडलं तर आरडाओरडा, नाही आवडलं तर डबल आरडाओरडा करायचं, त्या माळ्याला ते लोक ‘पारादी’ म्हणत. म्हणजे नाव पब्लिकवरून आहे. आता ज्या पिक्चरचं नावच प्रेक्षकांवरून ठेवलंय त्याचं क्रिटिक्सनी काय केलं हा प्रश्न लोकांना पडतोच, म्हणून हे पान.

गोष्ट थोडक्यात सांगा ना, स्पॉयलर नको.

1820-30 च्या दशकातलं पॅरिस. नाटकवाल्यांचा रस्ता, त्याला लोक ‘गुन्ह्याचा बुलेव्हार’ म्हणायचे कारण तिथल्या नाटकांत रोज रात्री स्टेजवर खून पडायचे. एक बाई, गारांस. तिच्यावर चार जणांचा जीव: मूकाभिनय करणारा बातिस्त, बडबड्या नट फ्रेदेरिक, चोर-खुनी-लेखक लासनेर, आणि एक श्रीमंत काउंट. आणि बातिस्तवर जीव टाकणारी नाताली. एवढंच. कोणाला कोण मिळतं हे मी सांगणार नाही. चौथ्या प्रश्नानंतर मात्र स्पॉयलर येतील, पिक्चर 80 वर्षं जुना आहे, मी किती सांभाळू.

तीन तास दहा मिनिटं?? बसवतं का खरंच?

लगान बघितलाय ना? तो 224 मिनिटांचा आहे, हा साधारण 190. सो रडू नका.

पण लांबीमागे एक किस्सा आहे तो माहीत पाहिजे. पिक्चर बनत होता तेव्हा फ्रान्सवर जर्मनांचा कब्जा होता आणि व्हिशी सरकारचा, म्हणजे जर्मनांच्या तालावर चालणाऱ्या फ्रेंच सरकारचा, नियम होता की एक पिक्चर 90 मिनिटांच्या वर जाता कामा नये. मग काय, यांनी एकाचे दोन केले. पहिला भाग ‘गुन्ह्याचा बुलेव्हार’, दुसरा ‘पांढरा माणूस’. दोन भाग असले की कागदोपत्री दोन पिक्चर. आणि मग रिलीजच्या वेळी जर्मन गेलेले होते, तर कार्नेने उलटा हट्ट धरला की आता दोन्ही भाग एकाच बैठकीत, पूर्ण, एकही कट न मारता दाखवायचे, आणि तिकीट डबल. थिएटरवाल्यांना वाटलं हा माणूस येडा आहे. पॅरिसमधे मादलेन थिएटरात तो 54 आठवडे चालला. युद्ध संपता संपता, लोकांकडे कोळसा नाही, धड खायला नाही, आणि डबल तिकीट काढून लोक वर्षभर येत राहिले.

पुढे बाहेरच्या देशांत वेगवेगळ्या लांबीचे प्रिंट फिरत राहिले, त्यामुळे जुने परदेशी रिव्ह्यू वाचताना एक लक्षात ठेवा, दोन क्रिटिक कदाचित एकच पिक्चर बघून आलेले नसतील. एखादा म्हणतो की अमुक कॅरेक्टर मधेच गायब झालं, तर तो दोष कार्नेचा असेल किंवा कात्रीचा पण असेल.

रिलीज झाला तेव्हा क्रिटिक्स काय म्हणाले?

प्रीमियर 9 मार्च 1945, पॅरिसच्या पाले द शायोमधे. तारीख नीट बघा. पॅरिस 1944 च्या ऑगस्टमधे सुटलं, पण युरोपातलं युद्ध मे 1945 मधे संपलं, म्हणजे प्रीमियरच्या दिवशी लढाई चालूच होती. कार्नेने शेवटी शेवटी मुद्दाम काम रेंगाळवलं, त्याला हा पिक्चर जर्मनांच्या नाकाखाली नाही तर मोकळ्या फ्रान्समधे दाखवायचा होता. म्हणून फ्रान्समधलं पहिलं स्वागत हे नुसतं ‘पिक्चर मस्त आहे’ असं नव्हतं. चार वर्षं मान खाली घालून काढलेल्या देशाला कोणीतरी दाखवून दिलं की बघा, त्या काळातसुद्धा आपण हे करत होतो. अशा वेळी कोण म्हणणार की दुसऱ्या भागात जरा लांबलंय?

तरी म्हणणारे होतेच. फार साहित्यिक आहे, डायलॉग फार घासूनपुसून केलेत, थंड आहे, आणि लांबी. हे चारही आक्षेप पहिल्यापासूनचे आहेत आणि आजही कोणी नावं ठेवायला बसला तर याच चारातलं एखादं उचलतो, 80 वर्षांत पाचवं कोणाला फारसं सापडलेलं दिसत नाही.

प्रत्येक रिव्ह्यू ‘हा पिक्चर कसा बनला’ इथूनच का सुरू होतो?

हा माझ्या डोक्यात जाणारा विषय आहे त्यामुळे उत्तर मोठं होईल.

आधी किस्से सांगतो, कारण ते खरंच भारी आहेत. शूटिंग 1943 च्या ऑगस्टमधे नीसच्या व्हिक्तोरीन स्टुडिओत सुरू झालं, तिथं आख्खा रस्ता उभा केला होता, थिएटरांच्या दर्शनी भिंती, घोडागाड्या, शेकडोंनी एक्स्ट्रा. पुढच्याच महिन्यात इटलीने युद्धातून अंग काढलं, सगळं बंद, परत पॅरिसला या असा हुकूम. पिक्चरमधे गुंतलेला इटालियन पैसा गेला. मूळ निर्माता आंद्रे पोल्व्हे बाजूला झाला, मग पाथे कंपनीने काम हातात घेतलं. मधल्या काळात वादळाने सेटची वाट लावली, तो परत उभा केला. सेट डिझायनर अलेक्सांद्र त्रोनेर आणि संगीतकार जोझेफ कोस्मा, दोघं हंगेरीतून आलेले ज्यू, म्हणजे नाव पुढे आलं असतं तर सरळ मरण. ते लपून काम करत होते आणि कागदावर दुसऱ्यांची नावं, सेटसाठी लेओं बार्साक आणि संगीतासाठी मोरिस तिरिए. टायटल्समधे आजही त्यांच्या नावापुढे लिहिलंय की यांनी भूमिगत राहून काम केलं. ती पाटी एकदा थांबवून वाचा. ‘ऑटम लीव्हज’ म्हणून जगभर गाजलेलं गाणं आहे ना, त्याची चाल याच कोस्माची आणि मूळ फ्रेंच शब्द याच प्रेव्हेरचे.

अजून एक. जुने कपडे विकणाऱ्या जेरिकोच्या रोलमधे आधी रोबेर ल व्हिगाँ होता, तो जर्मनांच्या बाजूचा, दोस्त सैन्य येतंय म्हटल्यावर पळाला. मग तो रोल पिएर रन्वारने केला, म्हणजे चित्रकार रन्वारचा मुलगा आणि डायरेक्टर जाँ रन्वारचा भाऊ. शिवाय मेजवानीच्या सीनचं खाणं भुकेल्या एक्स्ट्रांनी शूटिंगच्या आधीच फस्त केलं वगैरे गोष्टी आहेत, त्यातलं किती खरं आणि किती तिखटमीठ ते तुम्हीच ठरवा.

तर असा माल हातात असल्यावर कुठलाही क्रिटिक तिथूनच सुरू करणार. अमेरिकन समीक्षक रॉजर इबर्टने 2002 मधे आपल्या ‘ग्रेट मूव्हीज’ मालिकेत यावर लिहिलं तेव्हा त्यानेही पहिल्याच ओळीत हेच कबूल केलं की या पिक्चरची प्रत्येक चर्चा तो बनला कसा या चमत्कारापासून सुरू होते, आणि मग त्याचीही झालीच. माझी तक्रार एवढीच की बऱ्याच रिव्ह्यूत अर्धं पान यातच जातं आणि पिक्चरला उरतात चार विशेषणं: काव्यमय, भव्य, अजरामर, अविस्मरणीय. बाळंतपण किती अवघड गेलं यावरून पोरगं हुशार आहे की नाही ते ठरत नाही ना.

आर्लेत्तीचं काय प्रकरण होतं? तिच्यामुळे पिक्चरवर टीका झाली का?

गारांस झालेली आर्लेत्ती. कब्ज्याच्या काळात तिचं एका जर्मन ऑफिसरशी प्रेमप्रकरण होतं, पॅरिस सुटल्यावर तिला अटक झाली, नंतर नजरकैद. ज्या पिक्चरमुळे ती अमर झाली त्याच्या प्रीमियरला ती नव्हती. म्हणजे पडद्यावर चार पुरुष जिच्यामागे वेडे झालेत ती बाई, आणि पडद्याबाहेर तिचं नाव काढलं तरी लोक तोंड फिरवतायत. तरीपण त्या रागाची झळ पिक्चरला बसलेली दिसत नाही, 54 आठवडे चाललाच.

वयाचा मुद्दा वेगळा. तिचा जन्म 1898 चा, म्हणजे शूटिंगच्या वेळी ती 45 ची, बातिस्त झालेला जाँ-लुई बारो तिच्याहून 12 वर्षांनी लहान. ‘हिच्यासाठी एवढा जीव टाकतात?’ असा प्रश्न पहिल्यांदा बघणारे हमखास विचारतात, माझ्या मामीनेही विचारला होता, आणि पाऊण तासाने मामी म्हणाली की बाई हसते छान. मला विचाराल तर विशीतली नटी घेतली असती तर पिक्चर पडला असता. गारांसने जग बघितलंय, तिला कोणाकडून काही नको आहे, म्हणून तर हे चौघं येडे होतात.

त्रुफो आणि ती न्यू वेव्हची पोरं, त्यांनी याला झोडपलं होतं ना?

थोडं खरं, थोडं ऐकीव. त्रुफो तेव्हा तरुण समीक्षक, पुढे न्यू वेव्ह या फ्रेंच सिनेमातल्या बंडखोर लाटेतला डायरेक्टर. 1954 च्या जानेवारीत त्याने ‘काहिए द्यु सिनेमा’ या मासिकात जो गाजलेला लेख लिहिला, फ्रेंच सिनेमाच्या एका विशिष्ट प्रवृत्तीवरचा, त्यात त्याने ‘दर्जेदार परंपरा’ म्हणून मिरवणाऱ्या पिक्चरांची सालटी काढली. पण त्यातलं मुख्य टार्गेट ऑरांश आणि बोस्त ही पटकथालेखकांची जोडी होती, कार्नेचा हा पिक्चर नव्हे. लोक सर्रास लिहितात की त्या लेखात ‘चिल्ड्रन ऑफ पॅराडाइज’ला फाडलंय, तसं नाहीये.

मात्र त्या लेखामागचा जो विचार होता त्यात कार्ने सापडणारच होता. स्टुडिओत उभा केलेला रस्ता, कवीने लिहिलेले डायलॉग, नाटकातले मोठे नट, आधीपासून कागदावर ठरलेलं सगळं. ह्या पोरांना रस्त्यावर कॅमेरा घेऊन जायचं होतं, डायरेक्टर हाच लेखक असला पाहिजे असं त्यांचं म्हणणं, आणि कार्ने त्यांना फक्त प्रेव्हेरचे शब्द नीटनेटके चित्रित करणारा माणूस वाटायचा. त्यात कार्नेचे 50 च्या दशकातले पिक्चर आधीइतके दमदार नव्हते, मग तर मैदान मोकळंच. ह्याचा परिणाम असा झाला की पब्लिकचा लाडका असलेला माणूस सिनेमावाल्यांच्या वर्तुळात बरीच वर्षं जुनाट म्हणून कोपऱ्यात पडला.

पुढे 1984 मधे, म्हणजे त्रुफो गेला त्याच वर्षी, एका कार्यक्रमात कार्नेच्या समोर तो म्हणाला असं सांगतात की मी माझे सगळे पिक्चर देऊन टाकीन, बदल्यात हा एक माझ्या नावावर असता तर. फ्रान्समधे हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की ते आता पिक्चरच्या पोस्टरसारखंच झालंय. मरणाच्या दारातला, सभेत बोललेला माणूस, म्हणून मी ते अक्षरशः घेणार नाही, पण तरुणपणीच्या शिव्या आणि हे वाक्य शेजारी शेजारी ठेवलं की मजा येते.

मग हा पिक्चर कार्नेचा की प्रेव्हेरचा?

हे म्हणजे भाजी चांगली झाली ती मिठामुळे की फोडणीमुळे. क्रिटिक्सनी यावर पानंच्या पानं लिहिलीत. प्रेव्हेरशिवायचा कार्ने कमी पडला हे खरंय, दोघं 1946 च्या ‘ले पोर्त द ला न्युई’ नंतर वेगळे झाले, तो पिक्चर आपटला आणि त्यानंतर कार्नेला ती उंची परत गाठता आली नाही. पण कार्नेशिवायच्या प्रेव्हेरनेही असलं काही परत दिलं नाही, ते कोणी बोलत नाही.

आणि यात तिसरा माणूस सगळे विसरतात, जाँ-लुई बारो. मूळ कल्पना त्याची. 1942 मधे नीसला गप्पा मारताना त्याने देब्युरो या खऱ्या मूकनटाचा (पिक्चरमधला बातिस्त याच्यावरूनच) किस्सा सांगितला: 1836 मधे रस्त्यात कोणीतरी शिव्या घातल्या म्हणून देब्युरोने काठी हाणली, तो माणूस मेला, आणि खटल्याला अख्खं पॅरिस लोटलं कारण जन्मभर गप्प राहिलेल्या नटाचा आवाज कसा आहे ते लोकांना ऐकायचं होतं. काय गोष्ट आहे राव! आणि गंमत म्हणजे हा किस्सा पिक्चरमधे नाहीच. प्रेव्हेरला देब्युरोत फारसा रस नव्हता म्हणतात, त्याला लिहायचं होतं लासनेरवर, नुसत्या लासनेरवर पिक्चर करू दिला नसता म्हणून त्याला या गर्दीत घुसवला.

‘नाटकी आहे’ ही तक्रार बरोबर आहे का?

नाटकी आहेच. पडदा उघडून सुरू होतो, पडदा पडून संपतो. पण तक्रार करणारे असं धरून चालतात की कार्नेला सिनेमा येत नव्हता म्हणून नाटक झालं. दोन-तीन जागा बघू.

पहिली, घड्याळाचा सीन. फ्युनांब्युल थिएटरच्या बाहेर गर्दी जमवायला जो ओटा केलेला असतो त्यावर बातिस्त पांढऱ्या कपड्यात, तोंडाला पांढरं फासून, ढिम्म बसलाय आणि त्याचा बाप लोकांना सांगतोय की हा माझा पोरगा, ठोंब्या आहे. खाली गर्दीत गारांस, तिच्या एका बाजूला जाडा शेठ, दुसऱ्या बाजूला लासनेर. लासनेर शेठचं घड्याळ उडवून सटकतो. शेठ बोंबलतो, आळ गारांसवर, पोलीस हजर. कोणी पाहिलं का? आणि वरून तो ठोंब्या म्हणतो, मी पाहिलं. मग तो सांगत नाही, करून दाखवतो. हवेत शेठचं पोट काढतो. गारांसचा रुबाब दाखवतो. चोराची मिशी, चोराची बोटं, घड्याळ कसं अलगद बाहेर आलं, चोर कसा काहीच न झाल्यासारखा निघाला. एक शब्द नाही. गर्दी हसून हसून लोळते, पोलीस गारांसला सोडतो, ती जाताना त्याला फूल फेकते आणि तिथंच बातिस्तचा निकाल लागतो.

आता हे नाटक आहे का? आपण चोरी कॅमेऱ्यातून बघितलीये, म्हणजे साक्षीदार आपणही आहोत, आणि तीच चोरी परत शरीरातून बघतो. एकदा सिनेमाने सांगितली, एकदा नाटकाने, आणि दुसरी जास्त खरी वाटते. हे स्टेजवर करून दाखवा म्हणावं. (बापाचं काम करणारा एतिएन देक्रू हा बारोचा खऱ्या आयुष्यातला माइमचा गुरू, म्हणजे ‘ठोंब्या’ ऐकताना सेटवर काय वाटत असेल.)

दुसरी जागा, तुर्की हमाम. लासनेर काउंटला मारायला जातो, बरोबर त्याचा साथीदार आव्हरिल. दुसऱ्या कुठल्याही पिक्चरने सुरा दाखवला असता. कार्ने आव्हरिलच्या तोंडावर थांबतो. आपण खून बघत नाही, खून बघणाऱ्याला बघतो. नंतर लासनेर घंटी वाजवतो आणि पोलिसांची वाट बघत शांत बसतो, जणू प्रयोग संपला.

आणि तिसरी, त्याच्या आधीची. ऑथेल्लोच्या प्रयोगानंतर थिएटरच्या फॉयरमधे सगळे एकमेकांचा अपमान करतायत, आणि लासनेर नुसता खिडकीवरचा पडदा बाजूला ओढतो, बाहेर बाल्कनीत गारांस बातिस्तच्या मिठीत. पडदा ओढायची क्रिया, थिएटरातली सगळ्यात साधी, आणि त्या एका ओढण्यात एक माणूस मेल्यात जमा होतो. तर हो, नाटकी आहे.

पिक्चरमधेच क्रिटिक लोकांची टर उडवलीये म्हणे?

क्रिटिकांची नाही, लेखकांची. फ्रेदेरिकला एक रद्दी मेलोड्रामा करायला लावतात, तीन लेखकांनी मिळून लिहिलेला, आणि तो ऐन प्रयोगात त्याची कॉमेडी करून टाकतो, तिघं लेखक थयथयाट करतात, पब्लिक खूश. फ्रेदेरिक ज्याच्यावरून घेतलाय त्या खऱ्या नटाने, फ्रेदेरिक लमेत्रने, ‘लोबेर्ज दे झाद्रे’ या नाटकात 1823 मधे खरंच असा प्रकार केला होता. प्रेव्हेर स्वतः लेखक असून हा सीन लिहितो आणि तो पिक्चरमधला सगळ्यात हसवणारा सीन आहे, यातच त्याचा स्वभाव कळतो.

जेरिकोच्या पात्रावरून वाद आहे का?

आहे. फेरीवाला, जुने कपडे, चोरीचा माल, चुगल्या, आणि कब्ज्याच्या काळात बनलेला पिक्चर, त्यामुळे हे ज्यूंचं विद्रूप चित्र आहे का असा प्रश्न काही अभ्यासकांनी उचललाय. दुसरी बाजू अशी की कपडे विकणारा म्हातारा हे जुन्या मूकनाट्यातलं ठरलेलं पात्र, पिक्चरमधल्या मूकनाट्यातही तो आहेच, आणि ज्या टीमने दोन ज्यू सहकाऱ्यांना लपवून काम दिलं त्यांच्या मनात ते असेल असं वाटत नाही. माझं मत? हेतू नसेल, पण तेव्हा थिएटरात बसलेल्या एखाद्याला ते तसं दिसलं असेल तर त्याला चूक कसं म्हणू. हा प्रश्न झटकून टाकणारे रिव्ह्यू मला आवडत नाहीत.

गारांस म्हणजे कब्ज्यातला फ्रान्स, हे खरं का?

खूप लोक असं वाचतात: श्रीमंत काउंटने ‘ठेवलेली’ पण मनाने मोकळी. वाचा खुशाल. पण मग बातिस्त कोण, आणि नाताली कोण, आणि नातालीच्या पोराचं काय करायचं? रूपक म्हणून पुढे रेटलं की दहा मिनिटांत फाटतं. लासनेरबद्दलची चर्चा जास्त दमदार आहे, त्याचं बायकांकडे बघणं, काउंटशी त्याची टक्कर, आव्हरिलचं त्याच्याकडे बघणं, यात समलैंगिक ओढ वाचणारे अभ्यासक आहेत आणि कार्ने स्वतः समलैंगिक होता हे लक्षात घेतलं तर ते वाचन ओढूनताणून वाटत नाही.

‘सर्वश्रेष्ठ फ्रेंच पिक्चर’ हे ठरवलं कोणी?

मतदानाने. 1979 मधे सेझार अकादमीने (फ्रेंच सिनेमाचे मोठे पुरस्कार देणारी संस्था) बोलपटांच्या काळातला सर्वोत्तम फ्रेंच पिक्चर म्हणून याला निवडलं. 1995 मधे सिनेमाच्या शंभरीच्या वेळी 600 फ्रेंच समीक्षक आणि सिनेमावाल्यांनी परत यालाच वर ठेवलं. कार्ने 1996 मधे गेला, म्हणजे हे बघून गेला.

पण फ्रान्सच्या बाहेर या, चित्र वेगळं. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ मासिक दर 10 वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचं मतदान घेतं. 1952 च्या पहिल्याच यादीत टॉप टेनमधे कार्ने-प्रेव्हेर जोडी होती, पण ‘ल जूर स लेव्ह’साठी, ह्यासाठी नाही! हा पिक्चर तिथं कधीच पहिल्या दहात आला नाही. 2012 ला 73 वा होता, तोही इतरांबरोबर विभागून. 2022 च्या पहिल्या शंभरात नाहीच. म्हणजे घरात कुलदैवत आणि परगावी ‘हो हो, नाव ऐकलंय’.

का? मला वाटतं भाषा. अर्धा जीव प्रेव्हेरच्या बोलण्यात आहे, ते साधे, रस्त्यावरचे शब्द असे जुळतात की कान थांबतो, आणि सबटायटलमधे त्याचं होतं सरळ वाक्य. आपल्याकडच्या एखाद्या लावणीचा इंग्लिश सारांश वाचून कोणाला काय कळणार. दुसरं कारण, डायरेक्टरला देव मानणारी जी समीक्षा आहे तिला ‘चार जणांनी मिळून केलेला’ पिक्चर कुठल्या खणात ठेवायचा ते कळत नाही.

ऑस्कर मिळालं का?

नाही. प्रेव्हेरला मूळ पटकथेसाठी नॉमिनेशन होतं, बस.

याला फ्रेंच ‘गॉन विथ द विंड’ का म्हणतात?

अमेरिकेत तिकिटं खपवायला ट्रेलरमधे तसं म्हटलं होतं. लांब आहे, जुना काळ आहे, बाई खंबीर आहे, झालं साम्य. एकदा का असं लेबल चिकटलं की निघत नाही, आजही लेखांत सापडतं. त्यात युद्ध आहे, यात एकही तोफ उडत नाही, लोक फक्त एकमेकांकडे बघतात आणि चुकीच्या वेळी दार उघडतात.

कुठला प्रिंट बघू?

2012 मधे पॅरिसच्या सिनेमातेकने (तिथलं फिल्म संग्रहालय) ह्या एका पिक्चरवर अख्खं प्रदर्शन भरवलं होतं आणि त्याच सुमारास पाथेचं नवीन रिस्टोरेशन आलं. ते बघा. चित्र इतकं स्वच्छ आहे की फिल्मचा दाणाच (ग्रेन) गेला असं कुरकुरणारे आहेत, पण मी आधी एका फिल्म सोसायटीत जो प्रिंट बघितला होता त्यात बातिस्तचं पांढरं तोंड म्हणजे एक प्रकाशाचा डाग होता, डोळे-भुवया काही नाही, आणि पांढऱ्यावर पांढरी सबटायटल. मूकनटाचा चेहराच दिसत नसेल तर काय बघणार? शिवाय तिथं मध्यंतरानंतर दुसऱ्या भागाचं तिसरं रीळ आधी लावलं आणि अर्ध्या तासाने एकाने हळूच विचारलं की काउंट परत जिवंत कसा झाला.

तुम्हाला कुठं बोअर होतं? खरं सांगा.

दुसऱ्या भागाच्या मध्यावर. काही वर्षं उलटलीत, नाताली-बातिस्तचं लग्न झालंय, गारांस रोज बुरखा घेऊन बॉक्समधे बसून त्याचं काम बघते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो की मी किती दुःखी आहे. काउंट आला की मला घड्याळ बघावंसं वाटतं. लुई सालूने काम चांगलं केलंय पण त्या माणसाला एकच सूर दिलाय. मारिया काझारेसचा हा पहिला पिक्चर, तिच्या नातालीला क्रिटिक्सनी बरीच वर्षं ‘अडथळा’ म्हणून बाजूला ठेवलं, दुसऱ्यांदा बघाल तेव्हा तिच्याकडे बघा.

एवढं बसून शेवट असा? त्यांना भेटू तरी द्यायचं!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, कधी कधी शिवीसकट. कार्निव्हलचा दिवस आहे, बुलेव्हार माणसांनी फुललाय, गारांसची गाडी गर्दीतून निघते आणि बातिस्त तिच्यामागे ओरडत धावतो. आणि त्याच्या वाटेत कोण आहेत तर शेकडो नाचणारे लोक, त्यातले कितीतरी पिएरोच्या, म्हणजे मूकनाट्यातल्या पांढऱ्या विदूषकाच्या, वेषात, म्हणजे त्याच्याच वेषात. त्यानेच लोकप्रिय केलेला पोशाख घालून लोक त्याला अडवतायत, ढकलतायत, ओळखतसुद्धा नाहीत. गाडी पुढे जाते, त्याचं डोकं त्या गर्दीत एकदा वर येतं, परत खाली जातं, आणि वरून पडदा पडतो.